आरतीला पोरांच्या हातात करवंटीचा खुळखुळा

गणपतीत झांजा मोठ्यांच्या हातात जातात आणि पोरं नुसत्या टाळ्या पिटत बसतात. मोदकांसाठी नारळ फुटतातच, तेव्हा सारख्या फुटलेल्या दोन करवंट्या बाजूला काढा. आतलं खोबरं नीट खरवडून त्या चुलीजवळ खडखडीत वाळवा. भाद्रपदातल्या दमट हवेत ओल राहिली की बुरशी आलीच. बाहेरच्या शेंड्या काचेच्या तुकड्याने तासा. हे काम मात्र मोठ्यांनीच करावं.

डोळे असलेल्या करवंटीचा मऊ डोळा खिळ्याने सहज फुटतो. त्यातून बांबूची काडी घट्ट बसवली की झाली मूठ. ती आतून डिंकाने पक्की करा.

आत काय भरायचं, त्यावर आवाज ठरतो. तांदळाची सळसळ येते, चिंचोक्यांचा खडखडाट. मला दोन्हींची मिसळ आवडते. तांदूळ आधी कोरडे भाजून थंड करा, म्हणजे किडे होत नाहीत. पाव करवंटीपेक्षा जास्त भरू नका. दाण्यांना उडायला जागा नसेल तर आवाज दबतो. लाल-काळ्या गुंजा कितीही सुंदर दिसल्या तरी नकोत, त्यांचं बी विषारी असतं.

दोन्ही कडा डिंकाने जोडून वर सुती कापडाच्या पट्ट्या दोन थरांत चिकटवा आणि रात्रभर दोरीने आवळून ठेवा. जोड उसवला तर दाणे थेट लहानग्यांच्या तोंडात जातात, म्हणून रोज एकदा तपासा. रंगवायला गेरू पुरे. शिमग्यापर्यंत टिकवायचा असेल तर कोरड्या डब्यात ठेवा.