कंपनीच्या मेल सर्व्हरवरून आपोआप अलर्ट कसे पाठवावेत

बॅकअप फसला किंवा डिस्क भरत आली की आपोआप मेल जावा, यासाठीची सेटिंग्ज काही मिनिटांत भरून होतात. अडतं ते परवानग्यांपाशी, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

मेल सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडून सर्व्हरचं पूर्ण नाव, पोर्ट (जोडणीसाठीचा क्रमांक), लॉगिन लागतं का आणि प्रेषक म्हणून कोणता पत्ता चालेल, हे लेखी घ्या. अलर्ट पाठवणाऱ्या मशीनचा कायमस्वरूपी आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) त्यांना द्या. पोर्ट २५ वर बहुधा आयपी पाहूनच रिले (सर्व्हरमार्फत मेल पुढे पाठवण्याची मुभा) मिळतो. ५८७ वर लॉगिन आणि स्टार्टटीएलएस (जोडणी कूटबद्ध करणारी आज्ञा) लागतं. लॉगिन हवं असेल तर वेगळं खातं मागा. कर्मचाऱ्याचं खातं वापरलं, तर त्याने पासवर्ड बदलला की अलर्ट बंद पडतात.

आता सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी पोर्ट २५ ची हाताने चाचणी घ्या. ती त्याच मशीनवरून घ्यायची, आपल्या लॅपटॉपवरून नाही. टेलनेटने (सर्व्हरला हाताने आज्ञा टाइप करून देण्याच्या साधनाने) जोडल्यावर २२० ने सुरू होणारी ओळ यायला हवी. मग ईएचएलओ (ओळख), मेल फ्रॉम (प्रेषक), आरसीपीटी टू (प्राप्तकर्ता) आणि डेटा (मजकूर) या आज्ञा क्रमाने द्या. मजकुरानंतर एका ओळीत फक्त पूर्णविरामाचा टिंब. काहीच उत्तर न येता वेळ संपली, तर बहुतेक वेळा फायरवॉल आडवा येतोय. आरसीपीटी टू नंतर ५५० किंवा ५५४ आणि रिले नाकारल्याचा संदेश आला, तर आयपी परवानगीच्या यादीत नाही. कंपनीतल्या पत्त्यावर मेल जातो आणि बाहेरच्यावर अडतो, तेव्हाही कारण बहुधा हेच असतं. त्यामुळे दोन्ही पत्ते तपासा. ५८७ वर ५३५ आला तर लॉगिनची माहिती चुकली आहे.

शेवटी २५० आलं म्हणजे सर्व्हरने मेल स्वीकारला, पोचवला असं नाही. मेल दिसला नाही तर सोबत आलेला क्रमांक देऊन सर्व्हरच्या लॉगमध्ये शोधायला सांगा. एक्सचेंज या मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरमधले ग्रुप पत्ते मूळ सेटिंगनुसार लॉगिनशिवाय आलेले मेल घेत नाहीत. ही गोष्ट फार जणांना चकवते.

सॉफ्टवेअरमध्ये आयपीऐवजी सर्व्हरचं नाव भरा, नाहीतर सर्व्हरची ओळख पटवणारं टीएलएस प्रमाणपत्र जुळणार नाही. विषयातच मशीन आणि आकडा येऊ द्या: ‘डीबी-०२: डिस्क ९१ टक्के’. तोच अलर्ट तासाभरात पुन्हा जाणार नाही, अशी मर्यादा घाला. दर मिनिटाला मेल आले की लोक नियम लावून ते फोल्डरात ढकलतात.

मेल सर्व्हरच बंद पडल्याचा अलर्ट मात्र एसएमएसने पाठवा.