नागपुरात नो-पार्किंगच्या ई-चलानावर हरकत कशी घ्यावी

सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर किंवा गोकुळपेठेच्या बाजारात गाडी उभी केली आणि संध्याकाळी मोबाइलवर दंडाचा संदेश आला, की बहुतेकांना पहिल्यांदा मनपा आठवते. मोटार वाहन कायद्याखालील नो-पार्किंगचे ई-चलान मात्र शहर पोलिसांची वाहतूक शाखा करते, त्यामुळे त्यावरील हरकतीचा अर्ज सिव्हिल लाइन्समधील मनपा मुख्यालयात देऊन काहीही साधत नाही. सशुल्क वाहनतळावरील कंत्राटदाराने ठरलेल्या दरापेक्षा जास्त पैसे घेतले किंवा पावतीच दिली नाही, तर ती तक्रार मनपाची. चलानाची हरकत पोलिसांची. हा फरक सुरुवातीलाच लक्षात घेतला तर पुष्कळ वेळ वाचतो.

आलेला संदेश खरा आहे की नाही, हे आधी पाहावे. चलानाच्या नावाखाली व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल (मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) पाठवून बँक खाते रिकामे करण्याचे प्रकार सर्रास घडतात, म्हणून संदेशातील दुव्याला हात न लावता महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचे ई-चलान संकेतस्थळ किंवा महाट्रॅफिकअ‍ॅप स्वतः उघडावे. संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकले की त्या गाडीवरील चलानांची यादी दिसते. त्यातील आपले चलान उघडून चलान क्रमांक, दिनांक, वेळ, ठिकाण, कलम आणि रक्कम नोंदवून घ्यावी व चलानासोबतचे गाडीचे छायाचित्र डाउनलोड करून ठेवावे.

हरकतीचा सगळा भार या छायाचित्रावर असतो, म्हणून ते मोठे करून सावकाश पाहावे. क्रमांकपट्टीवरील प्रत्येक अक्षर आणि अंक आपल्या नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहावा, कारण मळलेल्या पट्टीवर तीनाचा आठ किंवा एकाचा सात सहज होतो आणि एमएच-३१ ऐवजी एमएच-४९ वाचले गेले की दंड भलत्याच्या नावावर पडतो. त्यानंतर गाडीचा प्रकार व रंग पाहावा. तुमच्या नावावर पांढरी स्कूटर असताना छायाचित्रात काळी मोटरसायकल दिसत असेल तर यापेक्षा बळकट मुद्दा नाही. मात्र काळ्या मोटरसायकलवर तुमचाच क्रमांक स्पष्ट लिहिलेला असेल, तर प्रकरण केवळ दंडाचे राहत नाही. कोणीतरी तुमचा क्रमांक वापरत आहे, आणि त्याची स्वतंत्र लेखी तक्रार पोलीस ठाण्यात देऊन तिची पोच हरकतीला जोडली पाहिजे. शेवटी पार्श्वभूमी पाहावी. दुकानाची पाटी, विजेचा खांब, मेट्रोचा खांब, पदपथाची कड यांवरून गाडी नेमकी कोठे होती हे सिद्ध होते आणि चलानात लिहिलेले ठिकाण त्याच्याशी जुळते की नाही हेही कळते.

सर्वांत जास्त घेतली जाणारी हरकत म्हणजे ‘तेथे नो-पार्किंगचा फलकच नव्हता’. ती अर्धीच खरी असते. पदपथ, झेब्रा क्रॉसिंग, चौकाच्या तोंडाशी असलेला भाग, बस थांबा, दुसऱ्याच्या फाटकासमोरची जागा किंवा आधीच उभ्या असलेल्या गाडीच्या बाजूला दुसरी रांग, अशा ठिकाणी गाडी लावण्यास वाहन चालवण्याच्या नियमांनीच मनाई आहे. तेथे फलक असो वा नसो, फरक पडत नाही. फलकाचा मुद्दा चालतो तो एरवी गाडी लावता येईल अशा रस्त्यावर, जेथे मनाई केवळ अधिसूचनेने आलेली आहे आणि ती लोकांना कळेल असा फलक लावलेला नाही, तो झाडाच्या फांद्यांआड गेलेला आहे किंवा सम-विषम तारखांचा मजकूर पुसट झालेला आहे. असे असेल तर शक्यतो त्याच दिवशी जाऊन दोन्ही बाजूंनी रस्त्याची छायाचित्रे घ्यावीत, कारण हरकत गेल्यानंतर फलक नवा होऊ शकतो.

‘इतवारीत सगळ्यांच्याच गाड्या उभ्या होत्या, मग मलाच दंड का’ हा प्रश्न कितीही रास्त वाटला तरी तो अर्जात लिहू नये. त्यातून गाडी तेथे होती याची आपणच कबुली देतो. धंतोली किंवा रामदासपेठेतील रुग्णालयात रुग्णाला उतरवण्यासाठी गाडी थांबवली असेल तर तो बचाव नसून विनंती आहे, आणि तशाच शब्दांत, रुग्णालयाच्या नोंदणीच्या कागदासह ती करावी. अधिकाऱ्याने मानली तर मानली. गाडी विकलेली असेल तर विक्रीचा करार पुरेसा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे असते, आणि त्यासाठीचा अर्ज, म्हणजे नमुना २९, व त्याची पोच जवळ असेल तरच हरकतीत जोर येतो.

रक्कमही तपासावी. नो-पार्किंगसाठी साधारणपणे कलम १७७ लावले जाते आणि महाराष्ट्रात त्याची तडजोड रक्कम (न्यायालयात न जाता प्रकरण मिटवण्यासाठी भरायचा दंड) पहिल्या वेळी ५०० रुपये व त्यानंतर १५०० रुपये आहे. पहिलाच प्रसंग असताना १५०० लागले असतील तर मूळ चलान मान्य करूनही केवळ रकमेवर हरकत घेता येते. गाडी उचलून नेली असल्यास टोइंगचे पैसे वेगळे असतात. त्यांची पावती मागितल्याशिवाय निघू नये.

एकदा हरकत घ्यायची ठरवली की दंड भरू नये. कलम २०० खालील तडजोड म्हणजे गुन्हा मान्य करून प्रकरण मिटवणे, त्यामुळे ‘आधी भरतो, मग भांडतो’ हा मार्ग येथे बंद आहे. उलट, मुद्दा कच्चा असेल तर ५०० रुपयांसाठी खेटे घालण्यापेक्षा ते भरून मोकळे होणे शहाणपणाचे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हरकत दोन ठिकाणी द्यावी. महाट्रॅफिकअ‍ॅपमध्ये संबंधित चलान निवडून तक्रार नोंदवता येते व सोबत छायाचित्रे जोडता येतात. त्याच मजकुराचा कागदी अर्ज ज्या वाहतूक झोनच्या हद्दीत चलान झाले तेथे, म्हणजे सीताबर्डी, सदर, अजनी, इंदोरा वगैरेंपैकी योग्य कार्यालयात द्यावा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, दिनांक व आवक क्रमांक घ्यावा. शिक्क्याशिवायचा अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखेच. तातडीने अर्ज करणेही महत्त्वाचे आहे. चलानावर किंवा नोटिशीत मुदत छापलेली असेल तर ती पाळावी.

अर्ज एका पानाच्या वर जाऊ नये. वरती ‘प्रति, मा. पोलीस उपायुक्त (वाहतूक), नागपूर शहर. मार्फत, पोलीस निरीक्षक’ आणि झोनचे नाव, त्याखाली विषयात चलान क्रमांक, आणि मग साधा मजकूर: ‘महोदय, उपरोक्त चलान माझ्या वाहनावर करण्यात आले आहे. चलानासोबतच्या छायाचित्रातील वाहन काळ्या रंगाची मोटरसायकल असून माझे वाहन पांढऱ्या रंगाची स्कूटर आहे. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत व माझ्या वाहनाची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. तरी सदर चलान रद्द करून तसे लेखी कळवावे, ही विनंती.’ मुद्दा एकच, तोही सर्वांत भक्कम, पुरावा त्याला लागून, आणि पोलिसांच्या वागणुकीबद्दल एकही शब्द नाही. वागणुकीची तक्रार असेल तर ती स्वतंत्र कागदावर करावी, कारण एकत्र केल्यास चौकशी तिचीच होते आणि चलान तसेच राहते.

त्यानंतर वाट पाहणे येते. या काळात थकबाकीचे संदेश येतच राहतात, कारण ते यंत्रणेतून आपोआप जातात. त्यांचा अर्थ हरकत फेटाळली असा घेऊ नये. अर्जाची शिक्का असलेली प्रत मोबाइलमध्ये ठेवावी, म्हणजे चौकात अडवून थकीत चलान भरायला सांगितले तर ती दाखवता येते. सुमारे महिनाभर काहीच कळले नाही तर आवक क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र द्यावे. तेही पडून राहिले तर माहिती अधिकार कायदा, २००५ हे खरे हत्यार आहे: १० रुपये शुल्क, महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. ‘माझ्यावर अन्याय का झाला’ असे विचारू नये. माझ्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींची प्रत द्यावी, त्या रस्त्यावरील नो-पार्किंगच्या अधिसूचनेची प्रत द्यावी, असे कागद मागावेत. ३० दिवसांत उत्तर न आल्यास पहिले अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे, आणि दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे ९० दिवसांत करता येते. पुष्कळदा माहितीचा अर्ज पोहोचल्यावरच मूळ अर्जाची फाइल हलते.

मध्येच चलान न्यायालयात पाठवल्याचे कळल्यास घाबरण्याचे कारण नाही. वाहतूक चलानांसाठीचे महाराष्ट्राचे आभासी न्यायालय (प्रकरणे ऑनलाइन हाताळणारे न्यायालय) २०२० मध्ये सुरू झाले, आणि त्याचे काम नागपूर जिल्ह्यातीलच काटोलच्या न्यायालयाकडे देण्यात आले. आभासी न्यायालयाच्या संकेतस्थळावर दंड भरणे आणि प्रकरण लढवणे असे दोन पर्याय दिसतात. दुसरा निवडल्यास प्रकरण नियमित न्यायालयाकडे जाते व तेथे तारखेला हजर राहावे लागते. लोकअदालतीची नोटीस आली तर तेथे तडजोड होते, निर्दोषत्वाचा निकाल मिळत नाही, एवढे समजून जावे. मुद्दा कच्चा असणाऱ्यांसाठी ती सोय चांगली आहे.

हरकत मान्य झाल्याचे तोंडी सांगितले तरी तेवढ्यावर थांबू नये. संकेतस्थळावर पुन्हा क्रमांक टाकून चलान थकीत यादीतून गेले आहे याची खात्री करावी, त्या पानाचे छायाचित्र घ्यावे आणि लेखी उत्तरासह ते गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे. हरकत फेटाळली गेल्यास फेटाळण्याचे कारण लेखी मागून, मगच पैसे भरायचे की न्यायालयात जायचे ते ठरवावे.