व्हरमाँट नीट बघायचं असेल तर काय करायचं

व्हरमाँट हे अमेरिकेच्या ईशान्येकडचं छोटं राज्य. तिथे बहुतेक लोक ऑक्टोबरमध्ये जातात, लाल-केशरी झाडांचे फोटो काढतात, मेपल सिरपची बाटली घेतात आणि दोन दिवसांत परत. झाडं सुंदरच असतात, त्यात वाद नाही, पण या राज्याचा स्वभाव कळायला हवा असेल तर माझं ठाम म्हणणं आहे की मार्चमध्ये जा, आणि ऑक्टोबरमध्येच जमत असेल तर निदान एक दिवस गाडी बाजूला लावून जंगलात शिरा.

आधी नकाशा. राज्य उभं आहे, उत्तर-दक्षिण साधारण २५५ किलोमीटर, वर कॅनडाच्या सीमेवर १४५ च्या आसपास रुंद आणि खाली मॅसॅच्युसेट्सकडे ६५ किलोमीटरच्या घरात. मधून ग्रीन माउंटन्सची रांग जाते, पश्चिमेला लेक शँप्लेन, पूर्वेला कनेटिकट नदी (ही नदी मात्र शेजारच्या न्यू हॅम्पशर राज्याची, व्हरमाँटची हद्द अलीकडच्या काठापाशीच संपते असं १९३३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलंय). डोंगर असे उभे असण्याचा प्रवासाशी थेट संबंध आहे. वरून खाली जाणारे रस्ते सोपे, पूर्व-पश्चिम जायचं म्हटलं की घाट, त्यामुळे एका दिवसात डोंगराच्या दोन्ही बाजू करू नका, एक खोरं पकडा आणि तेच बघा. मला विचाराल तर रूट १००, दक्षिणेकडून वर. स्मगलर्स नॉच नावाचा सुंदर अरुंद घाट आहे, तो हिवाळ्यात बंद असतो, आणि मोठी गाडी असेल तर तिकडे वळूच नका, ट्रक दरवर्षी अडकतात तिथे.

माणसं किती, तर २०२० च्या जनगणनेत ६ लाख ४३ हजार. सगळ्यात मोठं शहर बर्लिंग्टन, ४५ हजाराच्या आत. राजधानी माँटपिलिअर फक्त ८ हजारांची, अख्ख्या अमेरिकेत सगळ्यात छोटी राजधानी. गावाच्या रस्त्यावरून चालत चालत विधानभवनात शिरता येतं, जरूर शिरा.

आता इतिहास, कारण तो माहीत नसेल तर इथल्या माणसांचा ताठपणा कळत नाही. अबेनाकी या इथल्या मूळ रहिवाशांची ही जमीन. १७४९ पासून न्यू हॅम्पशरचा गव्हर्नर बेनिंग वेंटवर्थ तिचे पट्टे वाटत सुटला आणि शेजारचं न्यूयॉर्क (शहर नव्हे, वसाहत) म्हणायला लागलं की जमीन आमची, म्हणजे ज्यांनी एकदा पैसे मोजून शेत घेतलं त्यांनी परत मोजायचे. त्या रागातून ईथन अ‍ॅलनचे ग्रीन माउंटन बॉइज उभे राहिले, न्यूयॉर्कच्या सर्व्हेअर आणि शेरीफना पिटाळायचं हे त्यांचं काम. पुढे १७७७ मध्ये या लोकांनी विंडसर गावातल्या एका खानावळीत बसून स्वतःची राज्यघटना केली, सज्ञान माणसाला गुलाम ठेवायला त्यात बंदी होती, आणि मग चौदा वर्षं हे वेगळं प्रजासत्ताकच होतं, स्वतःची नाणी पाडणारं. न्यूयॉर्कला ३०,००० डॉलर देऊन भांडण मिटवलं आणि ४ मार्च १७९१ ला चौदावं राज्य म्हणून अमेरिकेत आले. ती खानावळ अजून आहे, ओल्ड कॉन्स्टिट्यूशन हाऊस म्हणून, पण उन्हाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंतच उघडतात, वेळ बघून जा.

जंगलाचं सांगतो, हा माझा सगळ्यात आवडता भाग. कुठल्याही टेकडीवरच्या पायवाटेने आत गेलात की दाट झाडीत अचानक दगडी गडगा लागतो, कमरेइतका, सरळ रेषेत चढावर जाणारा. झाडीत कुंपण कशाला? तर तिथे झाडी नव्हतीच. १८११ च्या सुमारास विल्यम जार्विस नावाच्या माणसाने पोर्तुगालहून मेरिनो मेंढ्या वेदर्सफील्डला आणल्या आणि लोकरीचं वेड लागलं, १८४० पर्यंत राज्यात १६ लाखांवर मेंढ्या आणि माणसं तीन लाखसुद्धा नाहीत. डोंगर पार बोडके झाले. मग लोकरीचे भाव पडले, पश्चिमेकडची लोकर स्वस्त पडायला लागली, लोक शेतं सोडून निघून गेले, राहिले ते दुधाच्या धंद्यात गेले, आणि सोडलेल्या रानात झाडं परत आली. आज राज्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग जंगल आहे. गडग्याच्या बाजूने चालत राहा, दगडांनी बांधलेला चौकोनी खड्डा दिसला तर ते घराचं तळघर, शेजारी लायलॅकचं झुडूप किंवा जुनं सफरचंदाचं झाड असेल तर नक्कीच कोणाचं तरी अंगण होतं. दगड उचलू नका, खाजगी जागा असेल तर विचारून जा, आणि उन्हाळ्यात बाहेर आलात की अंगावर टिक (रक्त पिणारी गोचीड) आहे का तपासा.

मार्च का, तर दोन कारणं. एक, मार्चच्या पहिल्या मंगळवारी टाउन मीटिंग डे. गावोगाव लोक शाळेच्या किंवा टाउन हॉलच्या खुर्च्यांवर बसून गावाचं बजेट, रस्त्याची डागडुजी, नवा ट्रक घ्यायचा की नाही यावर समोरासमोर बोलतात आणि तिथेच मतं देतात. सगळ्या गावांत आता असं होत नाही, काही ठिकाणी नुसती मतपत्रिका असते, म्हणून लहान गाव निवडा आणि टाउन क्लार्कला, म्हणजे गावाच्या कारभार-कचेरीत, आधी फोन करा. पाहुण्याला बसता येतं, मत नाही, आणि बोलायचं असेल तर सभेची परवानगी लागते, तेव्हा गप्प बसून ऐका. शेजाऱ्याचं म्हणणं न पटता त्याच्याशी नीट कसं बोलावं हे मी इतकं चांगलं दुसरीकडे पाहिलेलं नाही.

दुसरं कारण मेपल. रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं तेव्हाच झाडातून रस वाहतो, म्हणून फेब्रुवारीअखेर ते एप्रिल एवढाच हंगाम, आणि साधारण ४० लिटर रस आटवला की १ लिटर सिरप. शुगरहाऊसच्या, म्हणजे रस आटवायच्या खोपटाच्या, छतातून वाफ निघताना दिसली की थांबा आणि विचारा, बहुतेक जण आत बोलावतात. घेताना गोल्डन ते व्हेरी डार्क असे प्रकार असतात, गडद म्हणजे चव जास्त, स्वयंपाकाला डार्कच घ्या.

बॅरीला ग्रॅनाइटची खाण बघून होप सेमेटरी या दफनभूमीत जा, इटलीहून आलेल्या पाथरवटांनी कोरलेले दगड आहेत तिथे आणि त्यातले कितीतरी जण दगडाच्या धुळीने सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होऊन तरुणपणीच गेले. प्लिमथ नॉचला कॅल्विन कूलिजचं घर, ३ ऑगस्ट १९२३ ला पहाटे पावणेतीनला रॉकेलच्या दिव्यात वडिलांनीच त्याला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली, वडील नोटरी होते. दक्षिणेला डमरस्टनला ‘जंगल बुक’वाल्या किपलिंगचं नौलखा नावाचं घर आहे, बाहेरून तरी बघा.

गाडीबद्दल थोडं. निम्म्याहून जास्त रस्ते कच्चे आहेत आणि मार्च-एप्रिलच्या चिखलात चाकं रुततात, जीपीएस शॉर्टकट दाखवेल तो घेऊ नका, डांबरी धरून राहा. डोंगरमाथ्यावरच्या वाटाही मेअखेरपर्यंत टाळा, ओल्या मातीत पाय पडले की वाट कायमची खराब होते. १९६८ च्या कायद्याने बिलबोर्ड बंद आहेत, त्यामुळे पुढे पेट्रोल पंप आहे की नाही हे कोणी ओरडून सांगत नाही, छोट्या सरकारी पाट्या वाचाव्या लागतात. फोनला रेंज बऱ्याच खोऱ्यांत नसते, नकाशा आधी डाउनलोड करा. पावसाळी अंदाज असेल तर रस्ते उघडे आहेत का ते निघण्याआधी बघा, गावं नदीकाठी वसलीत, २०११ मध्ये आयरीन वादळाने पूल आणि रस्ते वाहून नेले आणि जुलै २०२३ मध्ये माँटपिलिअरचा बाजार पाण्यात होता.