ईसीजीच्या आधारे पिक लाईनचे टोक योग्य जागी कसे न्यावे

केमोथेरपीच्या रुग्णाला दंडातील बॅसिलिक शिरेतून पिक लाईन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी लांब, बारीक नळी, म्हणजेच कॅथेटर) घातली जाते, तेव्हा तिचे टोक ऊर्ध्व महाशिरा (शरीराच्या वरच्या भागातील रक्त हृदयात आणणारी मोठी शिर) आणि उजवे अलिंद (हृदयाचा वरचा उजवा कप्पा) यांच्या संधीपाशी असावे लागते. टोक फार वर राहिले तर तीव्र औषधांनी शिरेची भिंत दुखावून गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि फार खोल गेले तर हृदयाची लय बिघडू शकते. सलाईनने भरलेल्या कॅथेटरमधून हृदयातील विद्युत्-तरंग नोंदवता येतात, हे हेलरस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 मध्येच दाखवले होते. टोकाची जागा शोधण्याची ही पद्धत त्याच तत्त्वावर उभी आहे. पुढील सूचना हे काम शिकलेल्या डॉक्टर व परिचारिकांसाठी आहेत.

सुरुवातीला नेहमीचा ईसीजी लावून लेड 2 मध्ये (उजवा हात आणि डावा पाय यांमधील नोंदीत) पी-तरंग, म्हणजे अलिंदांच्या विद्युत्-क्रियेचा तरंग, स्पष्ट दिसतो का, हे पाहावे आणि ती पट्टी छापून ठेवावी. एट्रिअल फिब्रिलेशन (अलिंदांची अनियमित थरथर) असेल किंवा पेसमेकरमुळे पी-तरंग दिसत नसेल, तर ही पद्धत नेहमीच्या रीतीने वापरता येत नाही. अशा रुग्णात एक्स-रेवरच विसंबावे. त्यानंतर शिरेत सुई घालण्याच्या जागेपासून उजव्या हंसळीच्या आतल्या टोकापर्यंत आणि तेथून खाली उजवीकडील तिसऱ्या बरगडीखालच्या फटीपर्यंत टेपने अंतर मोजावे. हा केवळ अंदाज असतो, म्हणून कॅथेटर कापताना थोडी जास्त लांबी राखावी.

अल्ट्रासाउंडच्या मदतीने शिरेत प्रवेश करून कॅथेटर अंदाजित लांबीच्या जवळ नेल्यावर तो निर्जंतुक सलाईनने पूर्ण भरावा. उजव्या हाताच्या इलेक्ट्रोडची वायर, जी आपल्याकडील बहुतेक मॉनिटरवर लाल असते, निर्जंतुक जोडणीच्या केबलने या सलाईनच्या स्तंभाला जोडावी. स्तंभात हवेचा बुडबुडा असला तर तरंग थरथरतो किंवा नाहीसा होतो, तेव्हा आधी तोच शोधावा. टोकाला झडप असलेल्या कॅथेटरमध्ये नोंद घेताना सलाईन सतत हळूहळू ढकलत राहावे लागते. येथे विजेची वाट थेट हृदयापर्यंत जाते, त्यामुळे हृदयाशी थेट संपर्कासाठी प्रमाणित असलेलाच मॉनिटर वापरावा.

आता कॅथेटर एकेक सेंटिमीटर पुढे सरकवत पी-तरंगावर लक्ष ठेवावे. सायनस नोड, म्हणजे हृदयाचा ठोका जेथून सुरू होतो तो बिंदू, महाशिरेच्या मुखाशीच आहे आणि तेथून उठणारी लहर अलिंदात खाली पसरते; म्हणून टोक महाशिरेत खाली येऊ लागते तसा पी-तरंग उंच होत जातो आणि संधीपाशी सर्वांत उंच होतो. टोक नोडच्या खाली गेले की लहर आधी टोकाकडे येते, त्यामुळे पी-तरंगाच्या सुरुवातीला एक लहानसा खाली वळलेला खळगा दिसतो. माझ्या मते याच खळग्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे, कारण उंची वाढतेच आहे की कमाल गाठली, हे नुसत्या उंचीवरून ओळखणे कठीण असते. खळगा दिसताच कॅथेटर हळूच मागे घ्यावा, आणि खळगा नाहीसा होऊन पी-तरंग कमाल उंच उरेल तेथे थांबावे. मोजणी चालू असेपर्यंत मॉनिटरवरील तरंगाच्या उंचीचे प्रमाण (गेन) बदलू नये, नाहीतर उंचीच्या तुलनेला अर्थ राहत नाही.

अंदाजित लांबी संपली तरी पी-तरंग वाढत नसेल, तर टोक मानेतील किंवा विरुद्ध बाजूच्या शिरेत वळले असण्याची शक्यता असते. तेव्हा अल्ट्रासाउंडने मान तपासावी आणि कॅथेटर मागे घेऊन पुन्हा घालावा. हात शरीरापासून दूर असताना ठरवलेले टोक हात जवळ आणल्यावर खाली सरकते, यासाठी अखेरची नोंद हात अंगालगत ठेवून घ्यावी.

ईसीजी केवळ टोकाची जागा सांगतो. मान किंवा हंसळीखालून थेट शिर टोचून लाईन घातली असेल, तर फुप्फुसाभोवती हवा शिरली आहे का, हे अल्ट्रासाउंड किंवा एक्स-रेने स्वतंत्रपणे पाहावे लागते. सुरुवातीची पट्टी, कमाल पी-तरंगाची पट्टी आणि त्वचेपाशी दिसणारा सेंटिमीटरचा आकडा रुग्णाच्या फाईलमध्ये लावावा, म्हणजे लाईन पुढे हलल्याची शंका आल्यास तुलना करता येते.