उन्हाळ्यात बसने इन्सुलिन नेताना

मे महिन्यात इंदूरहून पुण्याला निघताना सगळे इन्सुलिनला उन्हापासून जपतात. बर्फाचा धोका मात्र लक्षातच येत नाही. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागतं. एकदा गोठलं की वितळल्यावरही ते वापरायचं नाही, दिसायला अगदी स्वच्छ असलं तरी. म्हणून फ्रीझरमधला पाण्याचा आइस पॅक लगेच डब्यात घालू नका. थोडा वेळ बाहेर ठेवा. हलवल्यावर आत पाणी डचमळलं की मगच घ्या. इन्सुलिन जाड टॉवेलात गुंडाळा, पॅकला टेकू देऊ नका. डबा डिकीत अजिबात नको, स्वतःजवळ ठेवा. इन्सुलिन टोचायच्या, वापरात असलेल्या पेनला बर्फ लागत नाही. बहुतेक पेनं ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकतात. नेमकी मुदत खोक्यातल्या पत्रकात पाहा.