नवी गाडी घेताना क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स कसे पदरात पाडावेत

शोरूमच्या कोटेशनवरचा दहा-बारा लाखांचा आकडा पाहिला की एवढी रक्कम कार्डावर टाकल्यास वर्षभराचे पॉइंट्स एका दिवसात जमतील, असे कोणालाही वाटते. प्रत्यक्षात बहुतेक विक्रेते कार्डावर फक्त बुकिंगची रक्कम किंवा डाउन पेमेंटचा काही भाग घेतात. कार्डाच्या प्रत्येक व्यवहारामागे बँक त्यांच्याकडून साधारण दीड ते दोन टक्के कापून घेते आणि हा खर्च स्वतः सोसण्याऐवजी ते तो ‘कार्ड चार्जेस’ या नावाने ग्राहकाच्या माथी मारतात. त्यामुळे कार्ड पुढे करण्याआधी हिशेब मांडणे अटळ आहे.

समजा, शोरूमने २ लाख रुपये कार्डावर घेण्याचे मान्य केले आणि त्यावर १.८ टक्के चार्ज लावला. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर हा बोजा ४,२४८ रुपये होतो. तुमचे कार्ड एक टक्का परतावा देत असेल, तर हाती येतात २,००० रुपये. म्हणजे पॉइंट्स मिळवण्याच्या नादात २,२४८ रुपये खिशातून गेले. शिवाय ‘शंभर रुपयांमागे दोन पॉइंट्स’ ही जाहिरात वाचून दोन टक्के धरणे चुकीचे आहे, कारण एका पॉइंटची किंमत २५ पैसे असेल तर परतावा केवळ अर्धा टक्का पडतो आणि काही बँका पॉइंट्स वटवतानाही वेगळे शुल्क घेतात.

मग अशा खर्चात फायदा आहे कुठे? माझ्या मते तो मूळ पॉइंट्समध्ये क्वचितच असतो. तो असतो वार्षिक खर्चाच्या टप्प्यांमध्ये. एखाद्या कार्डाची २,५०० रुपये वार्षिक फी वर्षाला ३ लाखांच्या खर्चावर माफ होते आणि तुमचा खर्च २ लाख २० हजारांवर अडला आहे, असे धरा. उरलेले ८० हजार डाउन पेमेंटमधून भरले, तर वरच्याच दराने चार्ज साधारण १,७०० रुपये लागेल, पण जीएसटीसह २,९५० रुपयांची फी वाचेल आणि एक टक्क्याने ८०० रुपयांचे पॉइंट्स वर मिळतील. टप्पा पूर्ण झाला की तिथेच थांबावे आणि बाकीची रक्कम आरटीजीएसने पाठवावी. नव्या कार्डाच्या स्वागत-लाभासाठी ठरावीक मुदतीत खर्च करायचा असेल, तिथेही हेच गणित लागू पडते.

कार्डाचा विषय शोरूममध्ये केव्हा काढावा, हेही महत्त्वाचे आहे. आधी सवलत, एक्स्चेंज बोनस, अ‍ॅक्सेसरीज यांचा सौदा पुरा करून सही-शिक्क्याचे कोटेशन घ्यावे आणि त्यानंतरच कार्डावर किती रक्कम घेता व त्यावर चार्ज किती, हे विचारावे. पाच-दहा हजारांच्या सवलतीपुढे पॉइंट्स किरकोळ असतात, हे सेल्समनला पक्के ठाऊक असते. कंपनीच्या संकेतस्थळावरून बुकिंग होत असेल, तर तेवढी रक्कम बहुधा जादा चार्ज न लागता कार्डावर भरता येते. विमाही शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही. तो विमा कंपनीकडून थेट घेऊन कार्डाने भरता येतो. मात्र अनेक कार्डांवर विम्याच्या हप्त्याला कमी पॉइंट्स मिळतात किंवा मिळतच नाहीत, म्हणून अटी आधी वाचाव्यात. गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी कार्ड-व्यवस्थेत ५५११ हा वर्ग-क्रमांक असतो; त्यावर पॉइंट्स मिळतात का, हे बँकेच्या ग्राहक सेवेला ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावे.

शोरूमला कार्डाने पैसे शक्यतो कार्डाचे मासिक बिल तयार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी भरावेत, म्हणजे बिनव्याजी मुदत ४५ ते ५० दिवसांपर्यंत मिळते. बँकेच्या अ‍ॅपमधली स्वाइप-मर्यादाही आदल्या दिवशीच वाढवून ठेवावी. दसरा किंवा पाडव्याला गाडी घरी आणायची असली तरी नोंदणीसाठी रक्कम काही दिवस आधी भरावी लागते. मुहूर्ताच्या गर्दीत कार्ड अडकण्याची वेळ येऊ देऊ नये.

कर्ज काढणार असाल, तर ते वितरित होईपर्यंत कार्डावर मोठी रक्कम टाकू नये. बँका आता महिन्यातून किमान दोनदा सिबिलसारख्या, कर्जदारांच्या परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांकडे माहिती पाठवतात आणि कार्डाची मर्यादा जवळपास पूर्ण वापरलेली दिसली तर क्रेडिट स्कोअर ऐन वेळी घसरू शकतो.

संपूर्ण बिल देय तारखेला फेडण्याइतके पैसे खात्यात पडून नसतील, तर हा खटाटोप करूच नये. महिना साडेतीन टक्के दराने २ लाखांवर ७,००० रुपये व्याज आणि त्यावर जीएसटी, एवढ्यात सगळे पॉइंट्स धुऊन निघतात. कार्डावरच्या ईएमआयला तर बऱ्याच बँका पॉइंट्सच देत नाहीत. भावाचे किंवा मित्राचे कार्ड वापरून नंतर त्याला पैसे देण्याचा मार्गही जपूनच निवडावा, कारण एका आर्थिक वर्षात १० लाख किंवा त्याहून अधिक कार्ड-बिल भरले गेल्यास बँक ती माहिती प्राप्तिकर खात्याला कळवते आणि उत्तर कार्डधारकाला द्यावे लागते.

स्वाइप केल्यावर चार्ज-स्लिप आणि शोरूमची पावती दोन्ही घ्याव्यात. पावतीवर गाडीपोटी जमा झालेली रक्कम आणि कार्ड चार्जेस वेगवेगळे दाखवलेले असावेत. बुकिंग रद्द झाले तर पॉइंट्स परत जातात आणि चार्ज मात्र बहुधा बुडतो, म्हणून ती अटही पावतीवर लिहून घ्यावी. पुढच्या बिलात पॉइंट्स जमा झाले नाहीत, तर याच कागदांसह आणि बँकेच्या त्या ईमेलसह तक्रार करावी.