व्यवसाय आणि त्याभोवतीचे पर्यावरण : अभ्यास करताना या चुका टाळा

व्यवसायाच्या अभ्यासाचे बरेचसे अहवाल दोन तुकड्यांत विभागलेले असतात. पहिल्या तुकड्यात कंपनीची रचना, उत्पादने आणि विक्रीची माहिती येते. दुसऱ्यात राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक, नैसर्गिक आणि कायदेशीर अशा सहा मथळ्यांखाली बाह्य घटक मांडले जातात. दोन्ही तुकडे आपापल्या जागी बिनचूक असू शकतात. परंतु बाहेरचा बदल कोणत्या वाटेने आत शिरतो आणि हिशेबाच्या कोणत्या ओळीपर्यंत पोहोचतो, हे त्यांत कुठेच सांगितलेले नसते. अभ्यास फसतो तो बहुधा इथेच.

घटकांच्या यादीलाच विश्लेषण समजणे

अहवालातील कंपनीचे नाव बदलून तो पुन्हा वाचावा. ‘महागाई वाढल्याने ग्राहकांची क्रयशक्ती घटते’, ‘तंत्रज्ञान वेगाने बदलत आहे’ अशी वाक्ये नव्या नावाखालीही तितकीच चपखल बसत असतील, तर त्या विशिष्ट व्यवसायाविषयी अजून काहीच लिहिले गेलेले नाही, असे समजावे.

यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक घटकापुढे आकडा मांडणे. समजा, एका व्यवसायाची विक्री 100 आहे, कच्च्या मालाचा खर्च 40 आहे आणि नफा 8 आहे. कच्चा माल 10 टक्क्यांनी महागला आणि विक्रीची किंमत वाढवता आली नाही, तर खर्च 4 ने वाढतो आणि नफा निम्म्यावर येतो. तेवढीच विक्री आणि तेवढाच नफा असलेल्या दुसऱ्या व्यवसायात कच्च्या मालाचा खर्च केवळ 10 असेल, तर त्याच भाववाढीने नफा 8 वरून 7 वर येतो. बाजारातील घटना एकच, पण एकासाठी ती संकट आहे आणि दुसऱ्यासाठी किरकोळ कटकट. व्याजदराचेही तसेच आहे. कर्ज किती आहे, ते स्थिर दराचे आहे की बदलत्या दराचे आणि त्याच्या परतफेडीची मुदत केव्हा संपते, हे पाहिल्याखेरीज ‘व्याजदरवाढीचा फटका बसेल’ असे लिहिण्यात अर्थ नाही.

नफा पाहणे आणि रोख विसरणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. नफा-तोटा पत्रकात विक्रीची नोंद होते त्या दिवशी पैसे हातात आलेलेच असतात असे नाही, आणि दीर्घ मुदतीच्या कंत्राटांत तर किती काम पूर्ण झाले याच्या अंदाजावरच उत्पन्न ठरते. ब्रिटनमधील कॅरिलियन या मोठ्या बांधकाम कंपनीने 2016 सालासाठी नफा दाखवला होता; जुलै 2017 मध्ये तिला कंत्राटांचे मूल्य सुमारे 84.5 कोटी पौंडांनी कमी करून दाखवावे लागले आणि जानेवारी 2018 मध्ये ती दिवाळखोरीत गेली. पुरवठादारांची बिले चुकती करण्याची तिची प्रमाणित मुदत 120 दिवसांची होती, म्हणजे ताणाचा मोठा भाग लहान पुरवठादारांच्या खांद्यावर सरकवला गेला होता. अशा ठिकाणी केवळ नफ्याचा आकडा वाचणारा अभ्यासक निर्धास्त राहतो.

म्हणून नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोख प्रवाहाचे विवरणपत्र ही तिन्ही शेजारी ठेवून, किमान चार-पाच वर्षांची वाचावीत. नफा वाढत असताना येणी, म्हणजे ग्राहकांकडून अजून यायचे पैसे, विक्रीपेक्षा वेगाने फुगत असतील किंवा देणी चुकती करण्याचे दिवस लांबत चालले असतील, तर त्याचे कारण सापडेपर्यंत पुढच्या प्रकरणाकडे वळू नये.

थेट पुरवठादारापाशीच थांबणे

कंपनी ज्यांच्याकडून माल घेते, त्यांची यादी सहज मिळते. धोका मात्र त्यांच्याही मागे, पुरवठादाराच्या पुरवठादाराकडे दडलेला असू शकतो. मार्च 2011 मधील जपानच्या भूकंपानंतर टोयोटाला हाच अनुभव आला. त्यानंतर कंपनीने आपल्या पुरवठा साखळीचे खोलवरचे थर नोंदवून काढले आणि संगणकीय चिप्सचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे ठेवून घेतला. 2021 च्या सुरुवातीला चिप्सच्या टंचाईने इतर वाहन कंपन्यांचे उत्पादन अडले, तेव्हा टोयोटा तुलनेने सावरलेली राहिली. मात्र त्याच वर्षी सप्टेंबरसाठी तिलाही जागतिक उत्पादन नियोजनापेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी कमी करावे लागले. साठ्याने वेळ मिळतो, टंचाई मिटत नाही, हा फरकही अभ्यासात नोंदवायला हवा. एकाच ठिकाणाहून येणारा आणि ज्याला पर्याय उभा करायला महिने लागतात, असा घटक कोणता, हा प्रश्न खरेदी विभागाला थेट विचारावा.

कागदावरची कार्यपद्धती खरी मानणे

व्यवस्थापक कामाची जी रीत सांगतात, ती त्यांच्या मनातली आदर्श रीत असते. ते खोटे बोलतात असे नव्हे. अशा वेळी एकच ऑर्डर निवडून ती येण्यापासून तिचे पैसे जमा होईपर्यंत तिचा माग काढावा आणि प्रत्येक टप्प्यावर काम किती वेळ झाले व ती नुसती पडून किती वेळ राहिली, हे वेगवेगळे लिहावे. पडून राहण्याचा वेळ कामाच्या वेळेपेक्षा मोठा निघाला, तर दोष कामगारांच्या वेगात शोधण्यापेक्षा मंजुऱ्या, एकेक नग न बनवता मोठ्या गटाने होणारे उत्पादन आणि दोन विभागांमधील हस्तांतरण यांत शोधावा. गर्दीच्या हंगामातील आणि मंदीच्या काळातील ऑर्डर अशा दोन्ही तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

स्पर्धक उत्पादनावरून ठरवणे

छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांची बाजारपेठ दुसऱ्या कॅमेरा कंपनीने नव्हे, तर मोबाईल फोनने आटवली. त्यामुळे ग्राहकाची कोणती गरज भागते, तिथून स्पर्धकांची यादी सुरू करावी. त्याच क्षेत्रात टिकून राहिलेल्या कंपन्यांकडेच पाहणेही टाळावे. छायाचित्रणाच्या फिल्मचा धंदा कोसळला तेव्हा फुजीफिल्म आणि कोडॅक यांच्याभोवतीचे तांत्रिक पर्यावरण जवळजवळ सारखेच होते. फुजीफिल्मने आपले रसायनांचे ज्ञान एलसीडी पडद्यांच्या फिल्म, औषधे आणि सौंदर्यप्रसाधने यांकडे वळवले, तर 1975 मध्ये ज्या कंपनीत डिजिटल कॅमेऱ्याचा नमुना तयार झाला होता, त्या कोडॅकने जानेवारी 2012 मध्ये दिवाळखोरी संरक्षण, म्हणजे देणेकऱ्यांच्या वसुलीपासून न्यायालयाचे संरक्षण, मागितले. बंद पडलेल्या किंवा मागे पडलेल्या किमान एका व्यवसायाशी अशी तुलना केली, म्हणजे यशाचे कारण म्हणून लिहिलेली एखादी गोष्ट अपयशी कंपनीकडेही होती का, हे तपासता येते. असेल, तर ती कारणांच्या यादीतून काढून टाकावी.